कच्चा व्हिडिओ

नळकाम, वायरिंग, सुतारकाम शिकवणाऱ्या त्या संस्थेत हात काळे न करता पगार घेणाऱ्या एकट्या इंग्रजीच्या बाई, असं कार्यशाळेतले मास्तर चेष्टेनं म्हणत. बाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि वह्या बंद केल्या. प्रत्येकानं काम करता करता मिनिटभर इंग्रजीत बोलायचं, मोबाइलवर तीन व्हिडिओ काढायचे. पहिले दोन कच्चे, ते फक्त बाई बघणार. तिसरा पक्का, तो संस्थेच्या पेजवर. "कच्चा माझ्या फोनबाहेर जाणार नाही, शब्द देते," असं त्यांनी भर वर्गात सांगितलं होतं.

पोरांच्या जिभा सुटल्या. वर्गात सगळ्यांत मोठी, दोन मुलींची आई, जिला सगळेच मावशी म्हणत, तीही बोलायला लागली. तिच्या पहिल्या कच्च्यात नळ खोलताना पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. "धिस इज... धिस इज... अगं आई गं, मेले!" बाई हसून हसून लोटपोट झाल्या.

पक्के व्हिडिओ काही कुणी बघेना. एका दुपारी बाईंनी मावशीचा हा कच्चाच पेजवर टाकला. त्याआधी अंगठा क्षणभर अडला होता. तेवढंच त्यांना पुढं झोपू देईना.

दोन दिवसांत हजारोंनी बघितला. प्राचार्य म्हणाले, "बाई, कमाल केलीत!" खाली कुणीतरी लिहिलं होतं, हिला आधी बालवाडीत घाला. मावशी यायची बंद झाली. सोमवारी तोंडी परीक्षा होती. ती हुकली तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

बाईंनी व्हिडिओ काढून टाकला आणि शनिवारी तिचं घर गाठलं. दार धाकटीनं उघडलं. "आई, त्या आल्यात. व्हिडिओवाल्या."

मावशी बेसिनखाली आडवी, हातात पाना. "बसा. कपडे सारा बाजूला."

"मावशी, चुकलं माझं. काढून टाकलाय मी तो."

"तुमच्या फोनातनं. थोरलीच्या वर्गातल्या पोरींच्या फोनातनं कोण काढणार? 'अगं आई गं' म्हणून हाक मारतात तिला."

बाई बाजूला सारलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या.

"विचारलं असतंत, तर मीच म्हणाले असते, टाका. मलाही हसू आलं होतं." तिनं पाना आवळला. "सोमवारी येईन मी. पण परीक्षा दुसऱ्या मास्तरांनी घ्यायची. तुमच्यापुढं माझं तोंड उघडायचं नाही."

सोमवारी बाई बंद दाराबाहेर उभ्या होत्या. आत मावशी नळाची गळती कशी थांबवायची ते इंग्रजीत सांगत होती. मध्येच एका शब्दाला अडली. बाईंचे ओठ तो शब्द पुटपुटले. मग मावशीलाच तो सापडला, आणि पुढं पाणी वाहावं तशी ती बोलत राहिली.

रांगेतल्या सुतारकामाच्या पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही बाहेर कशा?"

प्राचार्यांनी बोलावलंय, डोकं दुखतंय, काहीही सांगता आलं असतं.

"मावशीला दिलेला शब्द मी मोडला," बाई म्हणाल्या. "म्हणून तिनं मला बाहेर ठेवलंय."

पोरीचेही दोन कच्चे बाईंच्या फोनात होते. हातातला मोबाइल तेवढा तिनं पिशवीत टाकला.