अर्ध्या खिडकीचं घर

माझ्या मावशीला कुठलीही वस्तू आहे तशी चालत नाही. हॉटेलात बसली तर आधी पडद्याची शिलाई बघेल, मग मेनूकार्ड. तिचं अल्टरेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली, त्यात एक मशीन आणि ट्रायलसाठी एक पडदा. तिथे ती आयुष्यभर लोकांचे कपडे कमरेत आत घेत आणि छातीत सैल करत आली. नवं काही शिवत नाही. "नव्यात शोधायचं काय?" म्हणते. भाव सांगण्याआधी ती कपडा उलटा करते आणि आतले दोन टाके उसवते. शिवणीत किती कापड दडलंय ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नवं गिऱ्हाईक असेल तर ते आ वासून बघत राहतं.

माणसांनाही ती अशीच उसवते. मी पहिली नोकरी का सोडली, हे मी आईला सांगितलं नव्हतं. मावशीने एका चहात काढून घेतलं.

तर अशी ही बाई एका घराच्या प्रेमात पडली. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत होतं, बसकं, रंगाचे पोपडे उडालेलं. फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी होती. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यात पाहण्यासारखं काही दिसलं नाही. ते बस चालवतात, दिवसभर लोकांची कटकट ऐकतात आणि घरी आल्यावर शब्द जपून वापरतात. "जुनं आहे," एवढंच ते म्हणाले. मावशीला मात्र रस्त्यावरूनच भलतंच काहीतरी दिसलं होतं. समोर छान रुंद खिडकी होती आणि तिच्या बरोबर मधोमध, आतून, एक भिंत येऊन टेकली होती. अर्धी खिडकी एका खोलीत, अर्धी दुसरीत.

"खिडकीच्या मध्यावर भिंत कोण घालतं गं?" तिने मला फोन करून विचारलं.

"ज्याला खोल्या दोन हव्या असतात तो."

"मग दोन वीत सरकवून नसती घातली? वेडी आहेस." आणि फोन ठेवला. जणू भिंत मीच घातली होती.

घर बघायला तिने मला सोबत नेलं. मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या. ताठ बसणाऱ्या, विचारलं तेवढंच सांगणाऱ्या. नवरा गेल्यावर एकट्याच राहत होत्या, आता बहिणीकडे जायचं म्हणत होत्या. मावशीने पाण्याचं विचारलं, गळतीचं विचारलं आणि मग न राहवून भिंतीचं विचारलं.

"आहे ती आहे," बाई म्हणाल्या.

झालं! मावशीच्या डोक्यात भुंगा शिरला. घरी येऊन ती जेवताना ताटाशेजारी बोटाने नकाशे काढायला लागली. भिंत काढायची, दोन्ही खोल्या एक करायच्या, खिडकीखाली मशीन. काकांना आरामखुर्ची. मला हसू यायचं, पण वाईटही वाटायचं. मावशी जन्मभर भाड्याच्या घरांत राहिली आहे. खिळा ठोकायचा तरी घरमालकाचं तोंड बघायचं. दुसऱ्यांचं सगळं बदलून देणाऱ्या बाईला स्वतःचं काही बदलायला मिळालं नव्हतं. हे घर तिला मिळावं असं मला फार वाटत होतं. शेवटी काकाही "बघू" म्हणाले, आणि त्यांच्या भाषेत हा होकार असतो. बाईंशी बोलणी झाली, पुढच्या आठवड्यात कागद करायचे ठरले.

तेवढा आठवडा मावशीला धीर धरवला असता तर!

पडद्यांची मापं घ्यायची म्हणून आम्ही पुन्हा गेलो. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि मावशीने पर्समधून टाके उसवायचं हत्यार काढलं.

"मावशी, नको."

"दोनच टाके," ती कुजबुजली आणि भिंतीच्या कडेला टोक खुपसलं. रंग निघाला, खाली कागद निघाला, त्याखाली प्लायवूड. "बघ! खोटी आहे! मला वाटलंच होतं!" असं म्हणत तिने जरा ओढलं, तर तळहाताएवढा तुकडा तिच्या हातात आला. मागे बाई ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"घर अजून माझं आहे," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आणि निघा. उद्या हे बुजवून द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सुताराला घेऊन गेलो. त्याने भिंतीवर टकटक केलं आणि ठिगळ दिसणारच म्हणून सांगितलं. दुसरी एखादी खाली मान घालून उभी राहिली असती. मावशी म्हणाली, "बाई, रागवा हवं तर. पण ही भिंत का घातली, तेवढं सांगाच."

बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्या एकदम हसल्या.

"खिडकीवरून. त्यांना रात्री उघडी हवी, नाहीतर जीव गुदमरायचा. मला बंद हवी, नाहीतर हुडहुडी भरायची. रोज भांडण. एक दिवस वैतागून प्लायवूड घेऊन आले. म्हणाले, अर्धी तुझी, अर्धी माझी. मग भांडण मिटलं. पुढे दोघांनाही वाटायचं, पुरे झालं, काढावी. पण आधी म्हणायचं कोणी? ते गेले आणि भिंत तशीच राहिली. काढता का आता?"

मी मावशीचा दंड धरला. "आधी कागद होऊ देत," मी कानात म्हटलं.

"अगं, मला बघायचंय," ती म्हणाली आणि सुताराला खूण केली.

भिंत तासाभरात उतरली. खिडकीची एक कडी गंजून घट्ट बसली होती, दुसऱ्या बाजूच्या बिजागऱ्या झिजून लोंबत होत्या. बाईंनी गंजकी कडी सुताराकडून हातोडीने सोडवून घेतली आणि स्वतःच्या हाताने आपली बाजू उघडली. मग किती तरी वेळ त्या तिथून हलल्याच नाहीत.

कागद करायच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा मी दुकानातच होते. मावशीने नुसतं "बरं" म्हटलं, पुन्हा "बरं" म्हटलं. बाई घर विकणार नव्हत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचा सुतार, आमची मजुरी, आणि वर हे! मी फोन हिसकावून घेणार होते, पण मावशीने मला हातानेच अडवलं.

"एक विचारू का?" ती फोनमध्ये म्हणाली. "आता सकाळी ऊन कुठपर्यंत येतं?"

पलीकडून बाई बराच वेळ सांगत होत्या. मावशी डोळे मिटून ऐकत होती, मध्येच "हो का" म्हणत होती. फोन ठेवला आणि मग ती रडली.