ओली चोळी

चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यायला तिला दारात आणलं, तेव्हा तिने आधी तांब्या मागितला. मला वाटलं तहान लागली. तर तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि छातीवर चोळीला थापलं. मी म्हटलं, "अवं, आते कोणासंगे भांडाले चालनी?" श्वास पुरत नव्हता, तरी हसली. "कोणी भेटनाच तं?" ... तिथून ती परत आली नाही. महिना होऊन गेला. उभ्या जन्मात मी तिचं नाव घेतलं नाही, आमच्यात तशी रीत नाही. आता छापून घेतो. सुपडाबाई. माझी बायको.

मी दोन बुकं शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. या चोळीची गोष्ट तेवढी सांगतो. पहिली जर्मनची लढाई संपली त्या सुमाराला आम्ही दोघं नंदुरबारच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो. मी गासड्या उचलायचो, ती बायांबरोबर कापसातला पाला-कचरा निवडायची. जिन चालेल तेवढे महिनेच कमाई, त्यावर वर्ष काढायचं. त्यातच आमची देवका झाली. बाळंतपणातून उठून ही कामावर गेली, तर मुकादम फाटकात उभा. रोज सकाळी तो बाया निवडून आत घ्यायचा. कोण अंगावर पाजते हे त्याला विचारावं लागत नसे. दूध चोळीतून झिरपतं, तो ते बघायचा आणि तेवढ्या बाया बाजूला काढायचा. म्हणे मधेच पाजायला पळतात, काम बुडतं. हिलाही म्हणाला, "घर जाय. लेकुरवाळी आठे चालाव नही." ही म्हणाली, "मन्हा हात काम करतस, मन्ही छाती नही!" तो हसला. त्याच वेळी त्याच फाटकातून मी आत चाललो होतो. देवका माझीही पोर होती ना? पण मला कोणी अडवलं नाही. मला दूध येत नव्हतं, म्हणून मी कामाचा!

घरी येऊन ती रडली नाही. पदर खोचून बायांच्या घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी मी जिनाकडे निघालो, तर वाटेवरच्या रांजणापाशी सगळ्या बाया जमलेल्या. थंडीचे दिवस, आणि एकेक जण तांब्याने छातीवर पाणी ओतून घेतेय. लग्न न झालेल्या पोरी, नातवंडांच्या आज्या, सगळ्या. लेकुरवाळी कोण, हे आता ओळखावं कसं? मुकादम या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला. पिंजाऱ्यांच्या घरची अमिनाखाला सगळ्यांत म्हातारी. ती पुढे होऊन म्हणाली, "मुकादमभाऊ, मन्हाकडे बी देख ना! मी बी ओली शे. दात पडी गयात, तरी लेकुरवाळी!" गाडीवानसुद्धा हसायला लागले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत यंत्र थांबलेलं. बाया परत धाडल्या असत्या तर जिन बंद पडलं असतं. झक मारत सगळ्यांना आत घेतलं. दुपारी आवारातल्या कडुलिंबाला झोळ्या बांधल्या गेल्या आणि देवका तिथं पोटभर प्याली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र सांगणार नाही. दर हंगामाला नवा मुकादम यायचा, पुन्हा तेच बघायचा, आणि रांजणापाशी पुन्हा पाणी सांडायचं. पुढे तिला सवयच लागली. तलाठ्याकडे जायचं असो की बाजारात कोणाला जाब विचारायचा असो, चोळीवर ओंजळभर पाणी मारल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही.

आता देवकाही त्याच जिनात जाते. परवा ती रडत घरी आली. तिचं धाकटं अजून अंगावर पितं. माणूस बदलला, फाटक तेच... "लेकुरवाळी नको." मी तिच्या आईचा तांब्या उचलला. सकाळी लेकीबरोबर गेलो, रांजणातून भरून घेतला आणि सगळ्यांदेखत माझ्या कुडत्यावर ओतला. बायांच्या रांगेत उभा राहिलो. लोक हसले. हसू द्या. मुकादम म्हणाला, "बाबा, तुम्ही का भिजलात?"

म्हटलं, "मी बी लेकुरवाळा शे. काढ बाजूला!"

तो काही बोलेपर्यंत मागे रांजणावर बायांचे तांबे वाजायला लागले होते. देवका आत गेली.

कुडतं वाळलंय. तांब्या भरून दारात ठेवलाय, तिच्या जागेवर. उद्याही फाटक आहेच.