पेढीच्या सुना

माझ्या सासरच्या सराफी पेढीचा इतिहास मलकापुरात कोणालाही विचारा. कापसाचे व्यापारी, नागपूरहून दौऱ्यावर येणारे साहेब, सगळी मोठी गिऱ्हाइकं सांगतील. त्यात सुनांचा उल्लेख तेवढा नसेल. खरं तर पेढीचा माल आमच्या अंगावर मांडलेला असे. मोठ्या घरच्या बायका दुकानात बसत नसत, थेट माजघरात येत. आम्ही नटूनथटून पानसुपारी द्यायची आणि त्यांना आवडेल तो दागिना गळ्यातून काढून द्यायचा. शेजारणी म्हणत, "तुह्या अंगावर तं दर सणाले नवं सोनं!" मला त्यांची कीव यायची, आणि स्वतःचा रागही.

माझं म्हणावं असं एकच होतं. पाठवणीच्या वेळी आईने स्वतःच्या गळ्यातली सोन्याची जाड सरी काढून मला घातली होती. त्याच वर्षी ती वारली.

एकदा पिंपळगाव राजाच्या देशमुखीणबाई लेकीच्या लग्नासाठी आल्या. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी नेमकं सरीवर बोट ठेवलं. "हेच पाह्यजे मले."

"काढ वं," सासूबाई म्हणाल्या.

माहेरची आहे म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. तो उपाय मोठ्या जाऊबाईंनी करून पाहिला होता, तरी त्यांचा दागिना गेलाच. मी म्हटलं, "ही सोन्याची नाही. आत तांबं आहे, वरून मुलामा."

देशमुखीणबाई हसल्या. "सराफाच्या सुनेच्या गळ्यात खोटं? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! मंग आमी नेलेलं तरी खरं कशावरून?"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या आणि त्यांनी मामंजींना बोलावलं. कसोटीच्या दगडावर फक्त वरचं सोनं कळतं, आतलं नाही. मामंजींनी सरी उतरवून मागितली, ऐरणीवर ठेवली आणि छिन्नीने तिचे दोन तुकडे केले. आतपर्यंत पिवळंधमक सोनं होतं. देशमुखीणबाईंनी ते चाचपून पाहिलं आणि त्याहून जड गोफ घेऊन गेल्या. पेढीचं नाव राहिलं.

संध्याकाळी नवरा जवळ येऊन बसला. "दे ते तुकडे," तो हळूच म्हणाला, "जोडून देतो. सांधा दिसनार बी नाही."

"राहू द्या," मी म्हटलं. "जोडली का पुन्हा कोनाले तरी आवडंल."