ज्युरी येणार म्हणून

आमचा गणपती दीड दिवसाचा. बाबांच्या आजोबांपासून तसाच, कोकणातही आणि इथे जोगेश्वरीतही. ते बदलायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बदलायला लावलं माझ्या मरोळच्या ऑफिसने.

कर्मचाऱ्यांच्या घरच्या मखरांची ऑनलाइन स्पर्धा होती. बाबा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी आठवण म्हणून सुताच्या लाकडी बॉबिनी घरी आणल्या होत्या. त्या त्यांनी माळ्यावरून काढल्या, रंगीत सूत गुंडाळलं आणि एकावर एक चढवून मखराचे खांब उभे केले. इतकं देखणं मखर आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची तयारी चाललेली असताना मेल आला, तुम्ही अंतिम फेरीत आहात, ज्युरी व्हिडिओ कॉलवर घरी येतील, पाचव्या दिवसापर्यंत मखर ठेवा.

"मखर ऱ्हवांदे, देवाक पोचवया," आई म्हणाली.

"रिकामा मखर दाखवतंत काय कोण?" बाबा म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. आमच्याकडे देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, मागे उभे असलेले 'होय म्हाराजा' म्हणतात. बाबांनी सांगितलं, लोकं तुला बघायला येणार आहेत, पाच दिवस राहा. आई, काका, मी, सगळे जोरात 'होय म्हाराजा' म्हणालो.

मग वाट बघणं सुरू झालं. बाबा सकाळपासून नवा सदरा घालून बसायचे. माझा फोन वाजला की उठून बॉबिनींवरून फडकं फिरवायचे. मी ऑफिसला विचारत होते, उत्तर एकच, 'टीम संपर्क करेल.' ही टीम कुठे बसते हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी कॉल नाही, थेट निकालच आला. पहिलं बक्षीस स्पर्धा भरवणाऱ्या विभागाच्याच साहेबांना. ते एक वेळ चाललं असतं. खाली लिहिलं होतं, 'ज्युरींनी अंतिम फेरीतल्या प्रत्येक घरी व्हर्च्युअल भेट देऊन बाप्पाचं दर्शन घेतलं.' मी चिडून ते मोठ्याने वाचलं.

बाबांनी गोंधळून आईकडे पाहिलं. "कधी इलेले गो? मी खंय होतंय तेवा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या कंपनीसाठी मी सणासुदीलाही लॅपटॉप उघडते, तिने माझ्या बापाला देवासमोर खोटं पाडलं होतं.

संध्याकाळी मूर्ती हलवण्याआधी बाबा पुन्हा हात जोडून उभे राहिले. मागे आई, काका आणि मी.

"बा देवा म्हाराजा, लेकीच्या हापिसातली माणसां येवक नाय. कामात असतली. तुका उगाच बसवन ठेवलंय, ता पदरात घे. आणि त्या हापिसाचा भला कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आई आणि काका म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही.