निजवलेली वरकस

सोमीच्या हाताला गुण होता. सालवडच्या नर्सरीत कुणालाही विचारा, हेच सांगेल. तिनं भरलेल्या पिशवीतलं रोप मरायचं नाही. कंपन्यांच्या ज्या धुरानं माणसाला खोकला सुटतो, त्याच धुरात सोमीची खैराची, शिसवाची रोपं तरारून उठायची. हाच गुण तिच्या मुळावर येणार होता, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार!

तिचा जीव मात्र अडकला होता तो वरच्या पाड्याच्या वरकसीत. डोंगरउताराची नाचणी-वरईची जमीन, सासऱ्याच्या आज्यानं दगड वेचून केलेली. त्या घराची एक रीत होती. काही वर्षं पीक घ्यायचं, मग जमीन दमली की तिला निजवायची. निजलेल्या जमिनीला नांगर लावायचा नाही. बांधावरच्या दगडाच्या देवाला, वाघोबाला, शेंदूरसुद्धा लावायचा नाही. देवच जागा राहिला तर जमिनीला झोप कशी लागणार? शहाण्याला हसू येईल, येऊ दे. त्याच झोपेवर चार पिढ्या जेवल्या.

घोळ झाला तो इथेच. जमीन नावावर व्हावी म्हणून दावा केला आणि जंगलखात्याचे साहेब पाहायला आले ते नेमके निजवलेल्या वर्षी. गवत बघून म्हणाले, "ही तर पडीक."

"पडीक नाय सायेब, निजलीय," सोमीचा नवरा मंगळ्या म्हणाला. साहेब पोट धरून हसले. पुन्हा येऊन बघू म्हणाले आणि गेले ते गेलेच.

यंदा मात्र वरकस उठायची होती. सासूनं दारापुढं राब भाजून, पालापाचोळा जाळलेल्या त्या वाफ्यात नाचणी पेरली होती, रोपं वीतभर झाली होती. मंगळ्या केळव्याला वाडीत कामाला, सोमी सालवडला. दोघं उद्या घरी येणार, वाघोबाला शेंदूर लावणार आणि मग लावणी. सोमीनं सुट्टीसुद्धा मागून ठेवली होती.

"आजच्या दिवस रोपं लावायला चल टेंपोतनं," सुपरवायझर धीरज म्हणाला. "कुठंतरी रस्त्यासाठी झाडं तोडलीत, त्यांच्या बदल्यात डोंगरावर लावायचीत." सोमी आनंदानं चढली. आपली रोपं कुठं नांदायला जातात ते बघावं, एवढीच तिची हौस.

टेंपो चिल्हार रस्त्याला लागला, मग आत वळला. "काय गो सोमे, घरालाच चाललीस जनू!" शेजारची जमुना चिडवू लागली. सोमीही हसली. ओढा आला, चिंच आली, टेंपो वरच चढत राहिला. तिचं हसू कधी मावळलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पुढं जाईल, पलीकडच्या डोंगरावर जाईल, असं ती मनाशी घोकत होती. टेंपो थांबला तो तिच्याच बांधाला.

वरकसभर खड्डे. मशीननं पाडलेले, ओळीनं, पार वरपर्यंत. म्हातारीला एवढं चढवत नाही आणि बाकी घरी होतंच कोण बघायला? सोमी खाली उतरली. आणि तिनं पिशव्यांकडं पाहिलं. ही सगळी तिनं भरलेली, तिनं पाणी घातलेली रोपं. कपाळ माझं! आपलेच दात, आपलेच ओठ.

"ही आमची जागा हाय," ती कशीबशी म्हणाली.

धीरज बोईसरचाच, पोरगा काही वाईट नव्हता. तो गोंधळला. "मावशी, मला तर पडीक म्हणून सांगितलंय. खूण काय तुमची इथं?"

"वाघोबा हाय बांधावर," म्हणत ती वळली. बांधावर नुसता खळगा होता. वाघोबा होता टेंपोच्या मागच्या चाकाखाली, गाडी घसरू नये म्हणून लावलेला! शेंदूर नाही म्हटल्यावर ड्रायव्हरला तो साधा धोंडाच वाटला. टायरचा चिखल देवाच्या तोंडावर. सोमी किंचाळली. ती किंचाळी ऐकून जमुनाच्या हातातली टोपली पडली. बायका जागच्या जागी थिजल्या. ड्रायव्हरनं कानाला हात लावले.

"दुसरा दगड लावा पयला," सोमी ओरडली. तशातही तिला टेंपोतल्या रोपांची काळजी होती. ड्रायव्हरनं दगड लावला, तेव्हा तिनं वाघोबा ओढून काढला, पदरानं पुसला आणि बांधावर होता तिथं बसवला. शेंदूर घरी. जमुनानं आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं पुसून दिलं. सोमीनं ते देवाला लावलं आणि रडत रडत त्याच्याशी भांडली, "किती निजशील रं? आमचं घर लुटलं तरी निजशील? ऊठ आता! ऊठ!"

मग ती पाड्याकडं धावत गेली आणि राबातली नाचणी उपटून, जुड्या डोक्यावर घेऊन आली. मागं काठी टेकत, धापा टाकत सासू. सोमी पहिल्या खड्ड्याशी वाकली, माती आत लोटली आणि नाचणी खोचली. जमुना तिच्या बाजूला वाकली. मग एकेक करत सगळ्याच.

"अहो, असं नाही करता येत!" धीरजनं घाबरून साहेबांना फोन लावला. "आणि ह्या रोपांचं काय करू मी?"

"सावलीत ठेव. पानी घाल," सोमी मान वर न करता म्हणाली. "माझ्या हातची हायत ती. त्यांचा काय दोष?"

दुपारी तेच साहेब जीपमधून उतरले. बायका अजून वाकलेल्याच होत्या, म्हातारी वाघोबापाशी बसली होती. साहेबांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. पडीक म्हणायला त्यांना जागा सापडेना.