डाव्या खांद्यावरची बंदूक

माझ्या आजोबांनी एका गोळीत दोन रानडुकरं पाडली होती. ओमानमधल्या इब्री गावात अर्बाबला, म्हणजे माझ्या मालकाला, सांगताना मी तीन केली आणि अर्बाबनं बाजारात सांगताना पाच. त्यामुळे मी फ्रीज-एसी दुरुस्त करणारा रत्नागिरीकडचा साधा मेकॅनिक असूनही पाच डुकरांचा नातू म्हणून त्या गावात मला मान होता.

मान म्हणजे काय, तेही सांगतो. दुकान अर्बाबच्या नावावर, माझा व्हिसा अर्बाबच्या सहीवर, आणि बायको-मुलीचा व्हिसाही त्याच सहीवर. नव्वदच्या दशकात इब्रीतले बाकीचे मालक मेकॅनिकच्या बायकामुलांसाठी सही करायला कुरकुर करायचे. तुझं काम फ्रीजचं, त्याला बायको कशाला लागते, असा त्यांचा सरळ सवाल. माझा अर्बाब मात्र करायचा, कारण शुक्रवारी गाडीत शेजारी बसायला त्याला नेमबाज हवा होता. माझ्या आधी त्या सीटवर एक बलुची शिंपी बसायचा. त्याचे हात थरथरायला लागले. नेम गेला आणि त्या वर्षी त्याच्या बायकामुलांची सही 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' करत लांबत गेली, ती बिचारी परत गेली तरी झाली नाही. अर्बाब दुष्ट नव्हता. त्याला आठवणच राहायची नाही. त्याची आठवण त्या सीटवर बसलेल्या माणसापुरतीच होती.

शुक्रवारची नमाज आणि जेवण झालं की आम्ही निघायचो, कोल्ह्यांच्या मागे. गावाबाहेर अर्बाबची खजुराची बाग होती, शेळ्या होत्या, आणि नुकती जन्मलेली करडं पळवणारे कोल्हे होते. हरणाचं तर नावही काढायचं नाही. कायदा इतका कडक की हरीण म्हटलं तरी अर्बाब गाडीची काच वर करायचा. पण कोल्हा हा घरचा वैरी. बंदूक अर्बाबच्या वडिलांची, थ्री-नॉट-थ्री, दस्त्यावर चांदीच्या पट्ट्या. तिचं वय अर्बाब सांगायचा ते खरं मानलं, तर बंदुकीचा शोध लागायच्या आधीपासून ती त्यांच्या घरात होती.

एका शुक्रवारी त्या बंदुकीची माशी नाहीशी झाली. नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक दाणा असतो, त्याला आमच्याकडे माशी म्हणतात. मी उजव्या डोळ्यानं पाहिलं तर माशी नाही, कोल्हाही नाही. आजूबाजूची झाडं, दगड, डोंगर, सगळं जागच्या जागी. फक्त जिथे बघतोय तिथे राखाडी भोक. मी घोडा ओढला. गोळी कुठे गेली ते अल्लालाच ठाऊक.

"वारा," मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारीही वाराच. त्या उन्हाळ्यात मी इब्रीत एवढा वारा सोडला की समुद्रावर गलबतं उलटली असती.

मग काम काढून मस्कतला गेलो आणि अल् खुवैरमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं दिवा मारला, खाली वर बघायला लावलं आणि हात धुतले. तो हात धुवायला उठला तेव्हाच मला कळलं.

"डोळ्याच्या पडद्याला मधोमध इजा आहे. कडेचं दिसत राहील. मधलं दिसणं परत येणार नाही."

"किती दिवस?"

"येणार नाही," तो पुन्हा म्हणाला. मग, बहुधा माझं तोंड बघून, "डावा मात्र उत्तम आहे हां."

परतीच्या वाटेवर मी एक डोळा झाकत, दुसरा झाकत जबल बघत होतो. डावीकडून अख्खा डोंगर. उजवीकडून मधोमध उंदरानं खाल्लेला डोंगर.

घरी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ भाकरी थापतच राहिली.

"अर्बाबला सांगून टाका."

"आणि मग?"

"मग काय, माणूस आहे तो."

"शिंप्याच्या बायकोला पोचवायला तूच गेली होतीस ना?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. करपली. आमची सही हिवाळ्यात संपत होती, मुलगी शाळेत रुळली होती, आणि घरातला एकमेव नेमबाज अर्धा गेला होता. राहिलेला अर्धा डावीकडे होता. तेव्हा डावीकडून शिकायचं ठरलं.

लोकांना वाटतं, डावीकडून म्हणजे उजवीकडचंच उलटं. खुशाल करून बघा. दुकानाच्या मागच्या खोलीत मी एसीचा तांब्याचा पाइप डाव्या खांद्याला लावला आणि माझं शरीर माझ्याकडे परक्या माणसासारखं बघायला लागलं. गाल कुठे टेकवायचा? कोपर कुठे जातं? पाय तर एकमेकांशी भांडलेच. डाव्या बोटाला मी आयुष्यात नाक कोरण्यापलीकडे कधी काम दिलं नव्हतं. त्याला एकदम घोडा सोपवला, तर ते थंडी भरल्यासारखं कापायला लागलं. पाइप बाजूला ठेवून मी त्या बोटाकडे बघत बसलो. माझं सगळं बिऱ्हाड त्या बोटाला टांगलेलं होतं.

पण खरा घात केला डोळ्यानं. नेम धरताना मी जन्मभर डावा डोळा मिटलेला. आता उजवा मिटायचा आणि डावा उघडा ठेवायचा. उजवा मिटायला गेलो की डावाही सोबत मिटायचा. दोन्ही झाकले की नेम कसला, सरळ झोप! उजवा उघडा ठेवून पाहिलं, तर त्याचं ते राखाडी भोक नेमकं माशीवर येऊन बसायचं.

म्हणून दुकानातल्या आरशासमोर सराव सुरू केला. उजवा मीट, उघड, मीट. काम करतानाही तेच. एकदा गॅस भरता भरता चाललं होतं आणि समोर बिघडलेला मिक्सर घेऊन एक बाई उभ्या आहेत, हे मला दिसलंच नाही. माझं सगळं ध्यान त्या एका डोळ्यात होतं! मी त्यांना दहा-बारा वेळा तरी डोळा मारला असेन. बाई मिक्सर टाकून गेल्या आणि भावाला घेऊन आल्या. भाऊ म्हणजे दारातून आडवा आत येणारा गडी.

"डोळ्याला काय झालंय?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, उजवा तर गेलाच आहे, आता डावाही हा काढून नेणार. "धूळ गेली," मी म्हणालो. "जाम धूळ गेली."

त्यानं माझी मान धरून नळाखाली घातली आणि असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान होईस्तोवर डोळा धूत बसला. वर "आता बरं वाटतंय?" असं विचारलं. मिक्सर मी फुकट करून दिला.

बायकोला संध्याकाळच्या आत कळलं. "तुमी येडे झालाव काय? भर बाजारात डोळे मारताव?"

"मुलीच्या शाळेसाठी मारतोय," मी ओरडलो. तीही हसली नाही, मीही नाही.

शेवटी मुलीनंच शिकवलं. तिचे दोन्ही डोळे वेगवेगळे मिटायचे. "पप्पा, यू आर डूइंग राँग," जेवताना ती म्हणायची. "गाल वर उचला. गाल. डोळ्याला सांगू नका, गालाला सांगा." ताटात आमटी निवायची आणि आम्ही बापलेक एकमेकांसमोर तोंडं वाकडी करत बसायचो. बायको उठून आत जायची. कशाला सराव चाललाय ते मुलीला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी पप्पा मजेत होते.

डोळा मिटायला लागल्यावर छऱ्याची बंदूक घेऊन वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात गेलो. दगडावर पेप्सीचे डबे मांडले. पहिल्या दिवशी डबा तर सोडाच, डब्यामागचा डोंगरही चुकला. एक गाढव सगळा तमाशा बघत उभं होतं. शेवटी ते येऊन डब्यांच्या शेजारीच थांबलं. म्हणालं असेल, आख्ख्या वादीत सर्वात सुरक्षित जागा हीच. मी त्याला हाकललं आणि तिथेच बसून राहिलो. ऊन असं की डबे हाताला चटका देत होते. तरी हिवाळा तोंडावर आला होता.

तोवर शुक्रवार टाळायला कारणं लागत होती. कंबर दुखतेय. ताप आहे. आजोबांची बरसी आहे. त्या आजोबांना मी एका मोसमात दोनदा मारलं. अर्बाब नुसतं "खैर, खैर" म्हणायचा आणि निघून जायचा. मग एका शुक्रवारी मी शटरच्या फटीतून पाहिलं, माझ्या सीटवर टायरवाला पठाण बसला होता. मोठ्यानं हसत होता. अर्बाबही हसत होता.

मी बायकोला म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी जाणार."

"डबे लागतात का आता?"

"कधीमधी."

"कोल्हा डब्याएवढा थांबतो का?"

या बाईला मी कोकणातून का आणलं, असा प्रश्न मला तेव्हा पडला. आणि ती परत गेली तर मी जेवीन कुणासमोर, हाही.

शुक्रवारी गाडी बागेच्या कडेनं हळू चालली होती. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून गाडी चालवणारा अर्बाब डावीकडे, मी उजवीकडे. आता हे ध्यानात घ्या, की उजव्या सीटवरून उजव्या खिडकीबाहेर उजव्या खांद्यानं नेम धरताच येत नाही. दस्ता सीटला अडतो, माणूस सुतळीसारखा पिळला जातो. मला गावाकडे रानात पायी फिरायची सवय, म्हणून मी नेहमी दार उघडून खाली उतरायचो. दाराचा आवाज झाला की अर्धे कोल्हे पसार. त्यावरून अर्बाब वर्षानुवर्षं चिडायचा: "कोल्ह्याला सलाम करायला उतरतोस काय?"

कोल्हा दिसला. काटेरी झुडपाखाली, कान उभे. गाडी थांबली. मी उतरलो नाही. बंदूक उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. अर्बाब माझ्याकडे बघतोय हे मानेला जाणवत होतं. आता विचारणार, डावीकडून का? आता विचारणार! गाल वर उचलला. उजवा मिटला. माशी दिसली, स्वच्छ, बाजरीच्या दाण्याएवढी. पहिली गोळी जमिनीत. बोल्ट उजव्या बाजूला, डावा हात वरून पलीकडे नेऊन तो ओढताना मी घामानं न्हालो. मूर्ख कोल्हा मागे वळून बघायला थांबला. दुसऱ्या गोळीला तो गडगडला.

अर्बाबनं स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. "माशाल्ला! शिकला! इतकी वर्षं ओरडतोय, शेवटी शिकला!"

मला काही कळेना. मग उलगडलं. त्या सीटवर बसलेला माणूस बंदूक डाव्याच खांद्याला लावतो, इकडची मुलंसुद्धा. मी इतके महिने जे लपवायला धडपडत होतो, तो त्यांच्याकडचा साधा रिवाज होता. मला अर्बाबच्या पायाशी बसून हसावंसं वाटलं. सही झाली, मी मनात म्हणालो. खलास, झाली.

"यल्ला, इकडे ये," अर्बाब खाली उतरला. "दुसऱ्या कोल्ह्याचं बीळ माझ्या बाजूला आहे. माझ्या जागी बस. आज दोन्ही बाजूंनी मारून दाखव."

त्याच्या जागी, म्हणजे डाव्या खिडकीत. तिथून उजवाच खांदा. माझ्या हाताला धरून त्यानं मला बसवलं आणि खिडकीबाहेर उभा राहून बोट दाखवलं. "तिथे. बिळाच्या तोंडाशी. मार."

मी दस्ता उजव्या खांद्याला लावला. तो कसा आपल्या जागी बसला! जुन्या चपलेत पाय जावा तसा. डावा डोळा सवयीनं मिटला, आणि उघड्या उजव्यात भोक. गोळी झाडून टाकायची होती, चुकली की वारा म्हणायचं होतं. पण भोकाच्या कडेला काहीतरी पांढरं हललं. मी बघायला डोळा वळवला की ते भोकात जायचं, परत आणला की कडेला हलायचं. बागेतला गडी पांढरी दिशदाशा, म्हणजे इकडचा पायघोळ झगा, घालायचा.

"मार!"

"अर्बाब, ते पांढरं काय आहे?"

"कुठलं पांढरं? मार, गेला तो!"

"माणूस आहे का?"

"तुला दिसत नाही?"

मी बंदूक खाली केली. "नाही," म्हणालो. "उजव्या डोळ्यानं नाही दिसत. उन्हाळ्यापासून."

ती खताची गोणी होती. झुडपाला अडकलेली, वाऱ्यानं फडफडणारी रिकामी गोणी. त्या दिवशी खरोखरच वारा होता.

अर्बाबनं खिडकीतून हात घालून बंदूक घेतली. एकेक काडतूस काढून खिशात टाकलं. "भरलेली बंदूक घेऊन माझ्या शेजारी बसायचास," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. गाडी त्यानं सरळ गावात आणली. दुकानासमोर थांबून समोरच बघत म्हणाला, "पासपोर्ट आण. तिघांचे."

मी दुकानामागच्या आमच्या बिऱ्हाडात गेलो. बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि कपाटातून पासपोर्ट काढले.

"सही करायला की परत धाडायला?"

"विचारलं नाही."

"विचारायचं ना!"

"माझी जीभ उचलत नाही. तू विचार."

इतक्या वर्षांत ती अर्बाबशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं ओढणी डोक्यावरून घेतली, पासपोर्ट छातीशी धरले आणि बाहेर गेली. मी शटरआडून बघत होतो. ती बोलत होती, अर्बाब ऐकत होता. मग अर्बाब बोलला आणि तिनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. कुठल्या बॅगा, कुठलं विमान, मुलीच्या शाळेत काय सांगायचं, सगळं मी तिथे उभ्या उभ्या करून टाकलं.

ती हात रिकामे करून आत आली.

"उद्या नेतोय. दोन वर्षांचं करून आणतो म्हणाला, तिघांचंही."

"आणि मान खाली का घातलीस?"

"तुम्ही आता बंदुकीला हात लावायचा नाही म्हणाला. आपल्या दारात नाही, वादीत नाही, कुठेच नाही. मी हो म्हटलं."

मी कॉम्प्रेसरच्या खोक्यावर बसलो आणि हमसून हमसून रडायला लागलो. रडायला उजवा डोळा अजून पूर्वीइतकाच चांगला होता.

"अहो, सही झाली की," ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "आता कशाला?"

तिचा हात डाव्या खांद्यावर होता. नेमका दस्ता टेकायचा तिथे, जिथे दोन गोळ्यांचा धक्का अजून ठणकत होता. मी सांगितलं नाही. हात तिथेच राहू दिला.