तीन नंबरचा आवाज

आकाराम मोटारींचे आवाज काढायचा. हौस म्हणून नव्हे, ड्यूटी म्हणून. विट्याच्या अलीकडं माळावर पाणी उचलायचं पंपहाऊस आहे, तिथं तो बावीस वर्षं ऑपरेटर, तोही कंत्राटी. दर तासाला चारी मोटारींच्या मीटरवरचे आकडे वहीत लिहायचे अन् फोनवरनं सांगलीच्या ऑफिसला सांगायचे. महिनाअखेरीस ऑफिसचा माणूस येऊन वही न्यायचा. पलीकडनं नानासो साहेब हटकून विचारणार, "आन् तीन नंबर कसा वाजतोय रं?" मग आकाराम गाल फुगवून, "घूंऽऽऽ... सुरात हाय साहेब!" सगळं ऑफिस खिदळायचं.

यंदा मीटर ऑफिसला जोडून द्यायला एका कंपनीची इंजिनिअर संयोगिता आली. काखेत लॅपटॉप, हातात विटेएवढा डबा. मीटरची जुनी वायर डब्यात शिरणार, दुसऱ्या अंगानं नेटवर्कची केबल निघणार. डबा एकेका मीटरला त्याच्या नंबरानं हाक मारणार, मीटर आकडा सांगणार, अन् तो थेट सांगलीत स्क्रीनवर उमटणार.

"ॲक्च्युअली काका, तुम्हाला आता काहीच करायचं नाही," ती म्हणाली.

हे आकारामला तिच्याआधीच ठाऊक होतं. डबा चालला की एक तारखेपासनं तू घरी, असं नानासो बोलून बसला होता.

पण डबा चालेना. दोन अन् चार नंबर बोलले. एक नंबर बरळला, तीन नंबर मुका. दुपारपर्यंत वायरी काढून-लावून संयोगिता घामाघूम झाली. शेवटी तिनं फोन लावला, "सर, तीनचा मीटर डेड आहे. ॲक्च्युअली इथं नाही होणार."

आकारामचा जीव भांड्यात पडला. पण तिथं राहिला नाही. डेड? ज्याची काच तो रोज बाहीनं पुसायचा, तो?

"डेड न्हाई वो म्याडम!" तोंडातनं निसटलंच. "तीनचं पयलं मीटर जळलं, तवा म्याच स्पेअरचं बसिवलं. नवं मीटर येतानाच 'एक' ह्यो नंबर घिऊन येतंय. मी डोळ्यानं वाचणार, मी त्यो नंबर बदलू कशाला? आता डब्यानं 'एक' म्हणलं की दोघंबी एकदम 'हजर!' वरडत्यात."

तिनं दोन बटणं दाबून नंबर बदलला. चारी आकडे हिरवे झाले.

"काका, जीनियस आहात!"

घरी बनाबाईनं कपाळाला हात लावला. "आवं, गप बसला आसता तर दात पडलं आसतं का तुमचं?"

"मेलंय म्हणली गं त्येला."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चार वाजता तीन नंबर खरवडायला लागला. आकारामनं धावत जाऊन फोन लावला. "साहेब, घूं न्हाई ऱ्हायलं, खर्रऽऽ करतंय! बेरिंग कामातनं चाललंय. बंद करू?"

"हात लावू नगंस. स्क्रीनवर समदं हिरवं हाय."

"डबा आकडं इचारतोय साहेब, आवाज कुटं इचारतोय?"

"गड्या, मीटिंग हाय. ठेव."

कुणी खिदळलं नाही. पाच वाजता आकारामनं वहीत चारी आकडे लिहिले. तीन नंबरपुढं शेरा लिहिला : खर्र. वही न्यायला आता कुणी येत नव्हतं.